सातारच्या डोंगरातून पायी चालणाऱ्या दोघींची प्रेमकादंबरी: वाट, मुक्काम आणि भाषा कशी बसवावी?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. दोन बायकांची प्रेमकादंबरी लिहायला घेतली आहे. तेजश्री ३१ वर्षांची, सातारा शहरातली, नकाशे काढण्याचं काम करते. राजश्री २८ ची, शिराळा तालुक्यातली, रोपवाटिका चालवते. रायरेश्वरापासून साताऱ्यापर्यंत डोंगरातून दहा दिवस पायी जायचं ठरतं. गटातले बाकीचे ऐनवेळी गळतात आणि एकमेकींना न ओळखणाऱ्या या दोघीच उरतात. सगळी कादंबरी चालण्याच्या दिवसांतच घडते. काळ सप्टेंबर २०१८, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरच्या निकालानंतरचे लगेचचे दिवस.

सध्याचा आराखडा असा: मध्ये एकदा एकाच तंबूत झोपावं लागतं, मग वासोट्यावर चांदण्यात रात्र, कासच्या फुलांत कबुली आणि शेवटाकडे राजश्रीचा कड्यावर अपघात.

अडचणी तीन. वाट आणि मुक्काम डोंगर जाणणाऱ्याला पटतील का? दोघीही 'ती' असल्यामुळे वाक्यावाक्यात गोंधळ होतो, त्याचं काय करावं? आणि अपघाताने शेवट करावा की नाही? स्पष्ट सांगा, आराखडा मोडायची तयारी आहे.

---

घाटवाटा_वाई:

आधी महिना बदला. कासची फुलं आणि वासोटा एका चालीत बसत नाहीत. कासचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि वासोटा ज्या कोयना अभयारण्यात आहे ते पावसाळ्यात बंद. साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर ते उघडतं, तोवर पठारावर वाळलेलं गवत आणि उघडा जांभा उरतो. सप्टेंबरात शिवाय धुकं, जळवा आणि शेवाळलेल्या पायऱ्या असतात. अनोळखी दोघींनी एवढी लांब वाट तेव्हा धरणं कुणालाही खरं वाटणार नाही.

वासोट्यावरची रात्र तर काढूनच टाका. तो भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि गडावर मुक्कामाला परवानगी नाही. बामणोलीला वन खात्याकडे नोंद करायची, लाँचने शिवसागर जलाशयातून तासदीड तास गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला, तिथून दोन-अडीच तासांची दाट जंगलातली चढण, आणि संध्याकाळच्या आत परत. वर जाताना प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, उतरल्यावर पुन्हा मोजतात. लाँच अख्खी ठरवावी लागते, दोघींना ती परवडत नाही. म्हणजे त्या दुसऱ्या एखाद्या गटात सामील होणार आणि दिवसभर आठ-दहा अनोळखी माणसं सोबत. ही अडचण लिहिण्यासारखी आहे. आदल्या दिवशी जे बोलून झालं त्यानंतरचा पहिला दिवस चारचौघांत काढायचा, लाईफ जॅकेट घालून समोरासमोर बसायचं आणि नुसतं पाण्याकडे बघायचं.

तुमची वाट दहा दिवसांत होत नाही, तेरा लागतात. नोव्हेंबर २०१८ धरा, निकाल ६ सप्टेंबरचा, तोही ताजाच असतो. त्या वर्षी कार्तिकी एकादशी १९ नोव्हेंबरला होती आणि पौर्णिमा २२ च्या दुपारी लागून २३ च्या सकाळी संपली. त्यावर मांडणी अशी बसते:

१८ तारखेला वाईहून खावलीकडे आणि रायरेश्वर-केंजळगड यांच्या मधल्या खिंडीतून रायरेश्वरावर, मुक्काम पठारावरच्या जंगमांच्या घरी. १९ ला केंजळगड, कातळात कोरलेल्या सलग पायऱ्या चढून. त्या दिवशी एकादशी, तेव्हा यजमानांच्या घरी भाकरी निघणार नाही, वरी नाहीतर साबुदाणा मिळेल. २० ला कमळगड. गडाला तट नाही, दरवाजा नाही, माथ्यावर जमिनीच्या पोटात उतरत जाणारी कावेची विहीर आहे, आत भिंती तांबड्या आणि हवा एकदम गार. पाण्याचा मात्र माथ्यावर भरवसा धरू नका, खालच्या वस्तीतून माणशी चार लिटर भरून न्यायचं. २१ ला उतरून कृष्णेच्या खोऱ्यात जोर गाव. २२ ला जोरवरून चढून क्षेत्र महाबळेश्वर. संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या. २३ विश्रांती. २४ चतुरबेट. २५ मकरंदगड आणि घोणसपूरच्या मल्लिकार्जुनाच्या देवळात मुक्काम. २६ ला कोयनेच्या काठाकाठाने तापोळा, हा लांबचा आणि कंटाळवाणा दिवस, बराचसा रस्त्याने. २७ लाँचने बामणोली. २८ वासोटा. २९ ला कासचं पठार चढून खालच्या गावात मुक्काम, कारण पठारावर तंबू ठोकता येत नाही. ३० ला यवतेश्वरावरून सातारा.

चांदणं हिशोबाने लिहा. २० ला कमळगडावर चंद्र संध्याकाळीच वर असतो आणि पहाटेच्या आधी मावळतो. पौर्णिमेनंतर तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून २९ ला कासजवळ मध्यरात्रीपर्यंत अंधार आणि नुसत्या चांदण्या. तुमचा चांदण्यातला प्रसंग कमळगडाचा, वासोट्याचा नाही.

चालण्याचा वेग काढायला १८९२ चा नेस्मिथचा नियम चालतो: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या उतारावर), पाठीवर बारा किलो असताना, त्यात निम्मा वेळ वाढवा. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. सव्वाअकरा तासांच्या उजेडात आठ तास चाल, बाकी पाणी, जेवण आणि चुकलेली वाट. आराखड्यात वाट चुकणं दिसत नाही. ती चुकतेच, आणि बहुतेक वेळा ढोरवाटेने चुकते: ठळक मळलेली वाट गुरांच्या पाणवठ्यावर जाऊन संपते, खरी वाट मागे बारीक फुटलेली असते. तेजश्री नकाशावाली, राजश्री शेण आणि खुरांचे ठसे वाचणारी. दोघींचं पहिलं भांडण इथे आयतंच मिळतं.

---

कोयनाखोरं:

वरच्या वाटेला माझं अनुमोदन. तंबूबद्दल आणि अंगाबद्दल लिहितो.

'एकच तंबू, म्हणून जवळ झोपावं लागलं' ही युक्ती आपल्याकडे लागू पडत नाही. या वाटेवर तेरा दिवसांत तंबू एकदा, फार तर दोनदा लागतो. बाकी सगळे मुक्काम घराच्या सोप्यात नाहीतर देवळात. आणि दोन बायका म्हटल्यावर घरची आजी स्वतःच दोघींना माजघरात एका वाकळेखाली झोपवते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे जवळीक सहज मिळते, एकांत मिळत नाही. राजश्रीचा श्वास कानाशी आहे आणि हाताच्या अंतरावर यजमानांच्या सुना-लेकी झोपल्या आहेत, असे सलग दोन मुक्काम सुरुवातीला काढा. मग कमळगडावर पहिल्यांदा तंबू लागतो, तेव्हा त्याचं वजन वाचकाला आपोआप कळतं.

तंबू दोघांचा म्हणतात तो आतून साधारण २१० बाय १३० सेंटिमीटर. दोन कॅरीमॅट टाकल्या की जागा संपते, सॅक बाहेरच्या पडद्याखाली ठेवाव्या लागतात. नवशिक्या माणसाची चूक अशी: थंडी म्हणून सगळ्या चेन लावून टाकायच्या. मग श्वासाची वाफ आतल्या कापडावर धरते, पहाटे टपटप पडायला लागते आणि स्लीपिंग बॅग पायाकडून ओली होते. दोन्ही बाजूंच्या चेन वरून वीतभर उघड्या ठेवायच्या, वारा आरपार गेला पाहिजे. हे राजश्रीला माहीत नसेल, तेजश्रीला असेल. पहाटे तीनला कुणीतरी उठून चेन उघडणं हा छोटा आणि खरा प्रसंग आहे.

नोव्हेंबरात जळवा नाहीत, पण कुसळं आहेत. गवत पिकलेलं असतं, त्याची कुसळं मोज्यात घुसतात आणि चालताना आत आत सरकतात. संध्याकाळी मोजा उलटा करून एकेक उपटावं लागतं, दोन पायांना अर्धा तास सहज जातो. ओढताना टोक मोडलं तर आत राहून ठसठसतं, म्हणून शिरलं त्याच दिशेने चिमटीत धरून पुढे ढकलून काढायचं. पायाला हात लावायचं याहून साधं निमित्त कुठलं?

दुसरं निमित्त टाचेचा फोड. क्रम नीट लिहा. चुरचुर सुरू झाली की लगेच थांबून मोजा काढायचा, जागा कोरडी करायची, कागदी चिकटपट्टी लावायची. न थांबता तासभर रेटलं की फोड येतो. आला तर सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या कडेला, तळाशी, एक-दोन भोकं पाडायची, कापसाने दाबून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र काढायची नाही. मग स्वच्छ गॉज आणि पट्टी. उतारावर बोटं पुढे आदळतात म्हणून बुटाची नाडी उतरण्यापूर्वी घोट्याजवळ घट्ट बांधायची. रायरेश्वरावरून निघून तिसऱ्या दिवशी फोड येणं बरोबर बसतं.

खाणं: भाकरी दुसऱ्या दिवशी चिवट होते. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे. खर्डा टिकतो, पण पाणी कमी असलेल्या दिवशी खायचा नाही. अभयारण्यात चूल पेटवत नाहीत, तेव्हा वासोट्याच्या दिवशी डबा बामणोलीहूनच न्यायचा.

अपघाताचं मी दोन वाक्यांत सांगतो. घसरून घोटा मुरगळणं रोजचं, कडेलोट कादंबरीतला. वासोट्यावरच्या बाबूकड्याच्या टोकाशी नेऊन पात्र ढकलू नका.

---

मुद्रितशोधक_सांगली:

भाषेचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण वाट नकाशावरून दुरुस्त होते, वाक्यं कुणी दुरुस्त करून देत नाही.

'तिने तिचा हात तिच्या हातात घेतला.' कोणी कोणाचा? यावर उपाय आहेत. ज्या प्रकरणात जिची नजर आहे, तिच्यासाठी 'ती' राखून ठेवा आणि दुसरीला प्रत्येक वेळी नावाने हाक मारा: 'तिने राजश्रीचा हात हातात घेतला.' दुसरा उपाय 'आपला'. 'तिने आपली बाटली उघडली' म्हटलं की बाटली कर्त्याचीच, 'तिची बाटली उघडली' म्हटलं की बहुतेक दुसरीची. मराठीत ही सोय असताना आपण ती हल्ली विसरत चाललो आहोत. एकमेकींच्या वस्तू वापरण्याच्या प्रसंगात हा भेद फार उपयोगी पडेल: सहाव्या दिवशी तेजश्री 'आपली' बाटली शोधते आणि 'तिची' उचलते. सगळ्यांत सोपा मार्ग प्रथमपुरुष, 'मी तिचा हात धरला', गोंधळच नाही.

पण प्रथमपुरुष राजश्रीला दिलात तर एक पेच आहे. शिराळा, वाळवा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात खेड्यातल्या कितीतरी बायका 'मी येतो', 'मी जेवलो', 'मी जातो की' असंच बोलतात. तो तिथला बोलण्याचा रिवाज आहे. पुण्या-मुंबईचा वाचक मात्र अशा कादंबरीत त्याचा वेगळा अर्थ लावेल, राजश्री स्वतःला पुरुष समजते असं धरून बसेल. म्हणून बोली बदलू नका, पहिल्याच प्रकरणात राजश्रीच्या आईला फोनवर 'मी रानात चाललो, मागनं बोलतो' म्हणू द्या. एसटीतल्या म्हातारीलाही तसंच बोलू द्या. वाचकाचा कान बसला की पुढे काही सांगावं लागत नाही. आणि साताऱ्याची तेजश्री एकदा तरी तिची नक्कल करून 'मी येतो' म्हणेल. ती नक्कल चिडवण्याची की लाडाची, हे तुमच्या हातात.

संबोधनांचा हिशोब आधीच मांडा. तीन वर्षांनी मोठ्या अनोळखी बाईला राजश्री 'तेजश्रीताई, तुम्ही' म्हणणार, दुसरं काही म्हणणंच शक्य नाही. मराठीत ओळख झाली की बाईची बहीण करून टाकतात, आणि तुमच्या नायिकेची तीच अडचण आहे. 'तुम्ही'चं 'तू' साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दमलेल्या अवस्थेत, नकळत. 'ताई' गळायला मात्र वेळ लागू द्या. ज्या दिवशी ती पहिल्यांदा नुसतं 'तेजू' म्हणते, ती तुमची खरी कबुली. भांडणात 'ताई, तुम्ही' परत आलं की आरडाओरड्याची गरज उरत नाही.

शब्दही जपून. 'समलिंगी' हा वर्तमानपत्राचा शब्द, राजश्री तो स्वतःबद्दल सहज उच्चारणार नाही. तेजश्रीला 'लेस्बियन', 'क्वीअर' माहीत असतील, फोनवर वाचलेले. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य पडद्यावरचं वाटतं. शिराळ्याची मुलगी म्हणेल, 'माझा जीव हाय तुझ्यावर', किंवा तेही न म्हणता 'तुझं मोजं दे, कुसळं काढतो' म्हणेल.

---

कृष्णाकाठ:

मनापासून आभार. महिना बदलला, तेरा दिवस केले, अपघात काढला. आता शेवटच्या तिसऱ्या भागात दुरावा कशाने आणू ते सुचत नाही. दोघींना वेगळं करणारं काही हवं आहे, पण घरच्यांनी पकडून नेणं, मारहाण, हे नको वाटतं. आणि शेवट सुखाचा केला तर तो खोटा वाटेल का?

---

पुस्तकवेडी_कराड:

खोटा वाटणार नाही, तयारी केली असेल तर. प्रेमकादंबरी म्हणून पुस्तक हातात घेणाऱ्याशी एक करार असतो: शेवटी दोघी एकत्र असल्या पाहिजेत. अशा गोष्टींत दोघींपैकी एकीला मारायचं, वेड लावायचं नाहीतर लग्न करून घालवायचं, ही सवय इतकी जुनी आहे की क्वीअर वाचक शेवटची पानं आधी उघडून बघतो. तुम्ही अपघात काढलात हे फार बरं केलंत.

दुराव्यासाठी वाटेकडेच बघा. सोडून जाता येईल अशी जागा असेल तिथेच राहण्याला किंमत येते. या वाटेवर अशा जागा मोजक्या: महाबळेश्वरचं एसटी स्थानक, तापोळा, बामणोली. महाबळेश्वर वाटेच्या ऐन मध्यावर आहे, तिथे कुणी गेलं नाही याचा अर्थ चालत राहणं दोघींनी निवडलं. मोठा दुरावा तापोळ्याला ठेवा, वाटेच्या दोन-तृतीयांशावर.

कारणही तारखांतच आहे. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत गावोगाव तुळशीची लग्नं लागतात. २१ ला जोरमध्ये दारात उसाचा मांडव, आवळा-चिंच, अंतरपाट, दोघींच्या हातात अक्षता. आणि घरची मावशी विचारणारच, 'तुझं कवा गं?' राजश्री हसून काहीतरी उत्तर देते. ते उत्तर महत्त्वाचं: घरी स्थळ बघून ठेवलंय, पौर्णिमेनंतर बोलणी. ती हे तेजश्रीला सांगत नाही. कोयनेच्या खोऱ्यात रेंज नसते, दोन दिवस फोन गप्प. तापोळ्याला कुठेतरी पट्टी येते आणि पंधरा संदेश एकदम पडतात, तेजश्रीच्या हातात असलेल्या राजश्रीच्या फोनवर, कारण छायाचित्रं काढायला तो तिच्याकडे आहे. खलनायक लागत नाही. आईचे शब्द मायेचे ठेवा, 'पाहुणं रविवारी येत्यात, तू कवा पोचतीस?' एवढेच. तेवढ्याने पुरतं.

मग २७ च्या लाँचमध्ये एकटी तेजश्री, आणि राजश्री महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाडीत. परत आणायची तर तिला स्वतःच्या पायाने आणा. तापोळ्याहून पुढची लाँच किंवा सातारा-बामणोली एसटी, दोन्ही शक्य आहे. २८ ला वासोट्याच्या नोंदवहीत तेजश्री एकटीचं नाव लिहिते आणि खाली आल्यावर प्लास्टिक मोजणाऱ्या माणसाजवळ राजश्री उभी. पण सकाळी नोंद नसल्यामुळे तिला वर सोडणार नाहीत, बोटही मिळणार नाही. म्हणून भेट मेट इंदवलीला नको, बामणोलीच्या धक्क्यावर ठेवा. नियम पाळूनच प्रसंग जास्त चांगला होतो, धक्क्यावर चार तास थांबलेली बाई दिसते. वासोट्यावर ताई तेलिणीची आठवण निघेल, तिने हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. गावातल्या कुणाच्या तरी तोंडी दोन ओळी येऊ द्या, तेजश्रीला भाषण देऊ नका.

कायद्याची एक चूक अनेकजण करतात. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही, एवढंच झालं. लग्नाचा हक्क त्यातून आला नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला नाही. तेव्हा ३० नोव्हेंबरला साताऱ्यात पोचल्यावर लग्नाची भाषा नको. राजश्री घरी फोन करून 'पाहुण्यांना रविवारी येऊ नका म्हणावं' एवढं सांगते. त्या फोनमध्ये कारण सांगते की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या मते सांगत नाही, अजून.

पुढच्या काळाचं छोटं प्रकरण जोडायचं असेल तर ते २०२४ च्या सप्टेंबरात न्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्वीअर व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कुठलीही आडकाठी नाही. दोघी बँकेच्या बाकावर अर्ज भरताहेत. 'नाते' या रकान्याशी राजश्रीचं पेन थांबतं. आणि सप्टेंबरच आहे, तेव्हा बँकेतून निघून कासला जाता येईल, या खेपेला फुलं असतात.